चाकणच्या क्वालिटीतून मानसशास्त्रात : माझ्या भावाचं प्रकरण, हिशोबासकट

माझा धाकटा भाऊ मेकॅनिकल इंजिनियर. २०१२ ला बीई झाला आणि चाकणला एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, म्हणजे बनलेले पार्ट तपासायच्या खात्यात लागला, तिथे दहा वर्षं काढली. आज तो पुण्याजवळच्या एका विशेष शाळेत रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांसोबत काम करणारा मानसशास्त्रज्ञ. मधे त्याने नोकरी करत मानसशास्त्रात एमए केलं. लोकांना एवढंच कळतं, इंजिनियर होता, एमए केलं, फिल्ड बदललं, आणि मग ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले मला फोन करतात की ताई तुमच्या भावाने कुठून केलं, किती खर्च आला, आमच्या मुलाला पण करायचंय. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढते. त्याला विचारूनच लिहितेय. त्याने एकच अट घातली, की पगाराचे आकडे लिहिशील तर जे जमलं नाही तेही लिही.

मी स्वतः कराडला बँकेत आहे, त्यामुळे या सगळ्यात माझं काम हिशोबाचं होतं आणि काही चुका माझ्याही आहेत. सगळ्यात मोठी चूक मात्र आम्ही दोघांनी मिळून केली ती अशी, की आम्ही आधी डिग्री बघितली आणि त्या डिग्रीनंतर नेमकं कुठल्या कामावर, कुठल्या नावाने, कुठल्या कायद्याखाली बसता येतं हे नंतर बघितलं. त्याचे दोन अडीच वर्षं गेले.

सुरुवात कुठून झाली ते सांगते, कारण लोक समजतात त्याला इंजिनियरिंगचा कंटाळा आला होता, तसं अजिबात नव्हतं, काम त्याला आवडायचं. २०१७ मधे त्यांच्या प्रेस शॉपमधे थर्ड शिफ्टला एका कॉन्ट्रॅक्टच्या मुलाची दोन बोटं गेली. चौकशीत भाऊ होता. अशा वेळी कंपनीत व्हाय-व्हाय करतात, म्हणजे असं का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा विचारत खऱ्या कारणापर्यंत जायचं. पाचव्या खान्यात शेवटी ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ लिहिलं गेलं, ट्रेनिंग शीटवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, विषय क्लोज. पण भाऊ त्या मुलाला भेटायला दवाखान्यात गेला तेव्हा कळलं की घरी बाप दारूवर, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि हा सलग चौथ्या दिवशी डबल शिफ्ट मारत होता, झोपच नव्हती. भावाने मला रात्री फोन केला आणि म्हणाला, ताई, मी सहावा व्हाय विचारायला पाहिजे होता पण तो विचारायला खानाच नाहीये शीटमधे. त्यानंतर तो कँटीनमधे मुलांशी बोलायला लागला. मुलं पण त्याच्याकडे यायला लागली, कर्ज, दारू, घरची भांडणं. आणि दोन चार महिन्यांनी त्याला जाणवलं की आपण ऐकतो ते ठीक आहे पण पुढे काय बोलायचं ते आपल्याला येत नाही, एखाद्याला आपण चुकीचं काही सांगून बसलो तर?

म्हणून शिकायचं ठरवलं. २०१८ च्या जुलै सत्राला त्याने इग्नूच्या, म्हणजे घरी बसून शिकता येणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या एमए सायकॉलॉजीला ॲडमिशन घेतली. कारणं सरळ होती. तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालत होती. पुण्यामुंबईच्या बऱ्याच रेग्युलर एमएला बीएला मानसशास्त्र असावं लागतं किंवा वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे नोकरी सोडावी लागते. फ्लॅटचा हप्ता १९,५०० होता, नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही वर्षांची मिळून फी वीस हजारांच्या आत बसली. मी तेव्हा आनंदाने म्हटलं होतं की एवढ्या पैशात करिअर बदलतंय म्हणजे लॉटरीच लागली. हे वाक्य मला नंतर खूप टोचलं.

अभ्यासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इंजिनियर लोक हेच विचारतात. पहिल्या वर्षाला संज्ञानात्मक मानसशास्त्र, आयुष्यभराच्या वाढीचं मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्व, सामाजिक मानसशास्त्र, संशोधन पद्धती आणि स्टॅटिस्टिक्स असे पेपर. वर एक प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष चाचण्या घेऊन बघायचा भाग. स्टॅटिस्टिक्सला बाकीची मुलं घाबरायची, ह्याला ते घरचंच वाटलं, रोज कंट्रोल चार्ट आणि सिग्मा बघणारा माणूस. संशोधन पद्धतीत चाचणीची विश्वासार्हता हा भाग आला तेव्हा तर तो एकदम खूष झाला, म्हणाला हे तर आमचं गेज आर अँड आर आहे. म्हणजे कंपनीत एकच पार्ट तीन माणसांना त्याच मायक्रोमीटरने परत परत मोजायला लावतात आणि बघतात की फरक पार्टमधे आहे, मोजणाऱ्यात आहे की गेजमधे, म्हणजे मोजायच्या साधनात. मुलाची बुद्धी मोजताना पण तोच प्रश्न असतो. मोजणारा थकला असेल, मूल घाबरलं असेल, चाचणीच त्या मुलासाठी बनलेली नसेल, तर जो आकडा येतो तो कुणाचा? ही समज त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होती आणि मला वाटतं दहा वर्षांच्या क्वालिटीतून त्याने बरोबर आणलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

अडलं ते लिहिण्यात. इंजिनियरिंगला उत्तर म्हणजे आकृती, सूत्र, मुद्दे. इथे एखादा सिद्धांत मांडायचा, त्यावरची टीका लिहायची, तुलना करायची, आणि माध्यम इंग्रजी नाहीतर हिंदी. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला मुलगा, इंग्रजी वाचायचा भरपूर पण पानंच्या पानं लिहायची सवय नव्हती. सेकंड शिफ्टहून रात्री बाराला येऊन असाइनमेंट हाताने लिहायचा. पहिल्या वर्षाचे मार्क ५४ टक्क्यांच्या आसपास आले. पास व्हायला ४० लागतात, म्हणून आम्ही पेढे वाटले.

प्रॅक्टिकमला त्याने मला चाचणीसाठी बसवलं होतं. सुट्टीला घरी आलेला, वरच्या खोलीत टेबल मांडलं, घड्याळ ठेवलं, आणि मला एकदम ‘तुम्ही’ म्हणून सूचना वाचून दाखवायला लागला. मी हसले तर हा हसला नाही. अर्ध्या तासाने मला लक्षात आलं की आपण घाम पुसतोय, सख्ख्या भावासमोर, आपल्याच घरात. मी त्याला ते सांगितलं तर त्याने वहीत लिहून घेतलं. तोपर्यंत मला हे सगळं हौशीचं वाटत होतं. त्या दिवशी कळलं की याला हे नुसतं शिकायचं नाहीये, करायचंय.

दुसऱ्या वर्षाला क्लिनिकल, काउन्सेलिंग किंवा इंडस्ट्रियल यातलं एक निवडायचं होतं. मी इंडस्ट्रियल घे म्हणून मागे लागले, कंपनीचा अनुभव आहे, एचआरला जाशील, पगार पण टिकेल. तो म्हणाला मला परत त्याच शीटा भरायच्या नाहीयेत, आणि काउन्सेलिंग घेतलं. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं त्याचं बरोबर होतं, कारण त्याला जे बदलायचं होतं तेच मी वाचवायला बघत होते.

मग आलं २०२०. जूनची परीक्षा कोरोनामुळे पुढे गेली, सप्टेंबरात झाली, प्रोजेक्ट आणि सगळे निकाल हातात येईपर्यंत २०२१ उजाडलं. एकूण ५८ टक्के. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी शेजारी पाजारी सांगितलं की पोरगा आता मानसोपचारतज्ज्ञ झाला, आणि इथून पुढे खरं प्रकरण सुरू होतं, कारण तो मानसोपचारतज्ज्ञ झालेला नव्हता, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पण झालेला नव्हता.

हे शब्द लोक एकमेकांत मिसळतात, आम्हीही मिसळले, म्हणून नीट सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, तो एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढे शिकलेला डॉक्टर, या दोघांत औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही वेगळी पात्रता आहे आणि तिची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे. एक तर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पात्रता हवी, नाहीतर मानसशास्त्रातली मास्टर्स आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, ज्यात देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटसोबत काम केलेलं असतं. नुसत्या एमएने ते नाव लावता येत नाही. आरसीआयचा कायदा १९९२ चा आहे, आणि ज्या कामांसाठी तिथे नोंदणी लागते ती नोंदणीशिवाय केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी त्यात तरतूद आहे. एमएचं ॲडमिशन घ्यायच्या आधी हे आम्ही वाचलं नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा तेव्हा लागू झालेला होता, २९ मे २०१८ ला, आणि आम्ही फॉर्म भरला त्यानंतर दोन महिन्यात. कुणी लपवलं नव्हतं, आम्हीच उघडून बघितलं नाही.

अजून एक गोष्ट तेव्हाच कळली. एमफिलच्या प्रवेशासाठी एमएला ५५ टक्के लागायचे. पहिल्या वर्षाला ५४ आले म्हणून आम्ही पेढे वाटत होतो, आणि एकूणात चार टक्के कमी पडले असते तर ते दार कायमचं बंद होतं. आम्हाला माहितीच नव्हतं की आपण कशाच्या काठावर उभे आहोत.

२०२१ मधे त्याने एमफिलसाठी तीन ठिकाणी बघितलं. एका ठिकाणी एमए रेग्युलरच हवं होतं, तिथे फॉर्मच भरता आला नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रवेश परीक्षा दिली, नाव आलं नाही, जागाच इतक्या थोड्या असायच्या की चांगले तयारीचे विद्यार्थी पण दोन तीन वर्षं देत राहायचे. तिसऱ्या ठिकाणी नाव लागलं, पण खासगी संस्था, दोन वर्षं पूर्णवेळ आणि फी आमच्या झेपेच्या पलीकडे. वहिनी म्हणजे त्याची बायको, तिला मी नावानेच हाक मारते पण इथे नाव लिहीत नाही, ती एका पॅथॉलॉजी लॅबमधे आहे, तिचा पगार १७,००० होता, मूल तीन वर्षांचं. दोन वर्षं बिनपगारी आणि वर लाखांत फी, हे गणित कितीही वेळा केलं तरी बसत नव्हतं, मी तीन वेगवेगळ्या कागदांवर करून बघितलं.

त्यानंतरचे पाच सहा महिने वाईट गेले. फोन केला की हो नाही एवढंच बोलायचा. कामावर जायचा, यायचा, पुस्तकं माळ्यावर टाकली. त्याच काळात ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्याला सांगितलं की माझ्या दवाखान्यात संध्याकाळी बसत जा, बाहेर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावू, कोण विचारतंय. तासाला पैसे पण बरे मिळाले असते. भाऊ नको म्हणाला. मी कारण विचारलं तर म्हणाला, ताई, कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासायची तारीख उलटलेलं गेज मी दहा वर्षात एकदाही लाइनवर राहू दिलं नाही, आता मीच तसा जाऊन बसू का. मला त्याचा अभिमान वाटला आणि मी तो तेव्हा बोलून दाखवला नाही, हे मात्र चुकलं, त्याला तेव्हा गरज होती.

मार्ग सापडला तो असा, की त्याने क्वालिटीवाल्यासारखं उलट्या बाजूने काम केलं. आधी जाहिराती जमवल्या. शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, दवाखाने, विशेष शाळा, कंपन्यांचे काउन्सेलर, सरकारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. प्रत्येक जाहिरातीत पात्रता काय मागितलीय, नोंदणी कुठली मागितलीय आणि पगार किती ते एका शीटमधे भरलं. ६२ जाहिराती झाल्या. त्यात त्याला दिसलं की एमएवर काउन्सेलर म्हणून जागा आहेत, पण जिथे मुलांची तपासणी करून रिपोर्ट लिहायचा असतो तिथे आरसीआयचा नंबर मागतात. आणि आरसीआयमधे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट अशी पण एक वेगळी नोंदणी आहे, तिच्यासाठी एमएनंतर एक वर्षाचा पूर्णवेळ पीजी डिप्लोमा होता. दोन वर्षं नाही, एक. अपंगत्व असलेल्या मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम. एका ओळखीच्या विशेष शाळेत तो सलग आठ शनिवार जाऊन बसला, नुसता बघत, आणि नवव्या आठवड्यात मला फोन करून म्हणाला की हे मला जमेल.

आता हिशोब. २०२२ ला त्याचा हातात येणारा पगार ६१,००० होता. घरखर्च असा : हप्ता १९,५००, किराणा, लाइट, पेट्रोल वगैरे १६,०००, मुलाचं ४,५००, अण्णांची औषधं २,०००. एकूण ४२,०००. वहिनीचे १७,००० वजा केले तर महिन्याला २५,००० ची खोट. डिप्लोमा बारा महिने आणि नोकरी शोधायला दोन महिने धरून चौदा महिने, म्हणजे ३,५०,०००. डिप्लोम्याची फी ६०,०००. एकूण लागणार ४,१०,०००. जवळ होती एफडी २,४०,००० आणि घरासाठी आधी उचलून उरलेला पीएफ १,९०,०००, म्हणजे ४,३०,०००. वीस हजार शिल्लक. मी बँकेतली बाई, मला हे बसलेलं वाटलं आणि मी हो म्हणाले.

जे मी धरलं नाही ते मेडिक्लेम. तो कंपनीचा होता, राजीनाम्याबरोबर गेला, आणि कुणाच्याच डोक्यात आलं नाही की त्या चौदा महिन्यांसाठी स्वतःचा घ्यायला हवा. नोकरी सोडल्यावर दुसऱ्याच महिन्यात वहिनीला डेंग्यू झाला, आठ दिवस ॲडमिट, बिल ३८,०००. वीस हजाराची शिल्लक गेली आणि वर १८,००० कमी पडले, ते मी दिले. रक्कम मोठी नव्हती. पण भाऊ दवाखान्याच्या जिन्यात बसून मला म्हणाला की ताई मी स्वार्थीपणा करतोय का, आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर वहिनीने दिलं, तिसऱ्या दिवशी, सलाइन लावलेलं असताना, की आता मधे सोडलंस तर माझा आजार फुकट जाईल. तिचं या प्रकरणात नाव कुठेच येत नाही, डिग्री त्याची, बातमी त्याची, पण सकाळी सहाची शिफ्ट घेऊन दुपारी मुलाला सांभाळत तिने ते वर्ष ओढलंय आणि हे लिहिल्याशिवाय हे प्रकरण खोटं होईल.

अण्णा तर राजीनाम्यानंतर तीन महिने त्याच्याशी नीट बोललेच नाहीत. एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. त्यांचं म्हणणं एकच, दहा वर्षात माणूस सीनियर होतो आणि हा परत पहिलीत जाऊन बसला. मला ते चुकीचं वाटत नाही. वयाच्या बत्तिशीत वर्गात बावीस तेवीसच्या मुलींच्या शेजारी बसणं, त्यांनी सर म्हणावं की दादा हे त्यांनाही न कळणं, आणि आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मॅडमनी आपला रिपोर्ट लाल पेनाने पूर्ण खोडून परत देणं, हे सोसायला लागतं.

पण त्याच लाल पेनाने तो घडला असं त्याचं म्हणणं आहे. एमएच्या पुस्तकांनी विषय कळला. समोर बसलेल्या मुलाला कसं बसवायचं, आई रडायला लागली तर किती वेळ गप्प राहायचं, आकडा सांगायचा की नाही आणि कसा सांगायचा, हे त्या एका वर्षात कुणीतरी शेजारी बसून शिकवलं. त्याने त्या वर्षातल्या प्रत्येक केसची नोंद ठेवलीय आणि सुरुवातीच्या दहा रिपोर्टात त्याच्या हातचं एकही वाक्य टिकलं नाही म्हणतो.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट मला खूप आवडली ती सांगते. आपल्याकडे मुलांसाठी ज्या चाचण्या वापरतात त्यातल्या दोन आपल्या मातीतल्या आहेत. बिने-कामत चाचणी, धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी परदेशी बिने बुद्धिचाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० सालचं. आणि दुसरी मालिन यांची, नागपूरला १९६९ मधे झालेली, सहा ते पंधरा वयासाठी, त्यात बोलून उत्तरं द्यायचे भाग वेगळे आणि हाताने करायचे वेगळे. हा वेगळेपणा किती उपयोगी पडतो ते त्याच्या शाळेत दिसलं. एक मूल आलं, आधीच्या कागदावर आकडा बराच खाली, पण घरात मराठी नव्हतीच, गोरमाटी बोलायचे, आणि चाचणी मराठीतून झालेली. हाताच्या कामात ते मूल बऱ्यापैकी वर निघालं. अडचण होतीच, नाही असं नाही, पण होती त्यापेक्षा मोठी लिहिली गेली होती. भाऊ म्हणाला गेज चुकीचं लावलं होतं ताई. (ओळख पटेल असं काही मी इथे लिहिलेलं नाही.)

डिप्लोमा २०२३ च्या सप्टेंबरात संपला, आरसीआयच्या रजिस्टरमधे नाव लागलं, नंबर मिळाला. हा नंबर पण कायमचा नसतो, पाच वर्षांनी नूतनीकरण आणि मधल्या काळात ठराविक प्रशिक्षणं करावी लागतात. नोव्हेंबरमधे विशेष शाळेत लागला, पगार २४,०००. म्हणजे ६१ वरून २४. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहिलं कारण फोन करणाऱ्यांना हेच ऐकायचं नसतं. आज २९,००० आहे आणि शनिवार रविवारी बाहेरच्या तपासण्या करून आठ नऊ हजार सुटतात, एकूण ३८ च्या आसपास. वहिनीने मधे लॅब बदलली, तिचा पगार वाढला, म्हणून घर चालतंय. माझे १८,००० त्याने दोन हप्त्यात परत केले, मी नको म्हणत होते.

क्लिनिकलचा विषय त्याने सोडलाय का? मनातून नाही. पण तिथलं चित्रच पालटलंय. विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमांतून एमफिल ही पदवीच काढून टाकली, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोघांना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत दिली. म्हणजे जी शिडी धरून तो २०२१ ला चढायला बघत होता ती त्याच स्वरूपात राहिलेली नाही.

आणि जे लोक मला इग्नूचं विचारतात त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे, की त्याने ज्या वाटेने केलं ती वाट आता नवीन माणसाला उघडी नाही. यूजीसीने २०२५ मधे सांगितलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित विषय मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाहीत. मागे आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठीचा २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आहे, त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ पण येतात. मला व्यक्तिशः हा निर्णय दोन्ही बाजूंनी दिसतो. समोर माणूस बसवून शिकायचा विषय घरी बसून शिकता येत नाही हे आमच्याच घरात सिद्ध झालं. पण चाकणच्या सेकंड शिफ्टवाल्याला, हप्ता असलेल्याला, बीएला हा विषय नसलेल्याला जी एक फट होती ती पण गेली, आणि त्याच्यासाठी संध्याकाळचे रेग्युलर वर्ग वगैरे काही उभं केल्याचं मला तरी दिसलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझा भाऊ आज तिशीत फॉर्म भरायला गेला असता तर आत आलाच नसता.

गेल्या महिन्यात त्याच्या जुन्या कंपनीतल्या एकाचा त्याला फोन आला. लाइन इंजिनियर, वय तेहतीस, त्यालाही हेच करायचंय. दोघं दीड तास बोलले. भावाने त्याला कॉलेजचं नाव सांगितलं नाही, जाहिरातींची ती जुनी शीट पाठवली, मेडिक्लेम आधी घे म्हणाला, आणि एका शनिवारी शाळेत येऊन बस म्हणाला. तो आला, कंपनीचे सेफ्टी शूज घालूनच, नाईट करून सरळ. चार तास मागच्या बाकावर बसला. जाताना पुढच्या शनिवारी पण येऊ का म्हणून विचारून गेला. फॉर्म अजून भरलेला नाही.